हरल्यावर पाहिलेली गावं

व्हॉलीबॉल सुटून जमाना झाला. आता गुडघे बोलतात आणि आम्ही ऐकतो. तरी कामरगावच्या स्टँडवर जुन्या टीमचे दोघं जरी भेटले, तरी चहा थंड होतोच. किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही बाप्पा. खिशाच्या तळाशी तंबाखूचा चुरा साठतो ना, तसे साठतात. एक काढायला हात घातला की चार बोटांना चिकटून येतात. आणि गंमत म्हणजे त्यात जिंकल्याचा किस्सा जवळपास नाहीच. कुठून असणार? आम्ही जिंकायचोच नाही!

सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतोय. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आमचा जिल्हा अकोला. खेड्यातला माणूस गाव सोडायचा तो लग्नाला, दवाखान्याला नाहीतर कोर्टात. नुसतं पाहायला म्हणून कुणी कुठं जात नसे. असं कुणी म्हणालाच तर लोक विचारायचे, "काहून बे, तब्येत बरी हाये ना?"

आमची टीम मात्र जायची. सामने सकाळी सुरू व्हायचे आणि परतीची एसटी संध्याकाळची. पहिल्या फेरीत हरलं की अख्खा दिवस मोकळा. मग करायचं काय? गाव पाहायचं! जिंकणारी टीम दिवसभर मैदानावर धूळ खायची आणि अंधारात कप घेऊन घरी जायची. भूगोल मी शाळेत नाही शिकलो. हरून शिकलो.

* * *

आमचं मैदान म्हणजे सुदामभाऊचं खळं. गावातली घरं जिथं संपतात आणि बौद्ध वस्तीतली जिथं सुरू होतात, त्याच्या बरोब्बर मध्ये. ज्वारी घरात गेली की खळं मोकळं व्हायचं, मग राखेनं लाईन मारायची. कॅप्टन सुदामभाऊ, कारण खळं त्याचं आणि बॉलही त्याचाच. नेटजवळ विजय. वस्तीतला पोट्टा, आमच्यात खरं खेळता येणारा तो एकटाच. मी मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिकडं बॉल कमी येतो.

बाभळीखाली पाण्याचा एकच माठ आणि एकच गिलास. एकदा सुदामभाऊचा बाप आला, आबाजी. धोतर, टोपी आणि हातात स्वतःचा पितळी तांब्या. हा तांब्या आबाजी कुठंही गेला तरी सोबत असायचा. दुसऱ्याचं पाणी तो घेत नसे, आणि कुणाकुणाचं घेत नसे ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

आबाजी आम्हाला पाणी पिताना बघत राहिला. मग पोराला म्हणाला, "सारेच पेता याच्यातून?"

"हो."

"मंग तुमच्या टीमची जात कोनती रे?"

सुदामभाऊनं तोंड पुसलं. "हारणाऱ्याची!"

आबाजी आपल्या तांब्यातलं पाणी प्याला आणि घरी गेला.

* * *

मेडशीला सामने होते. आम्ही उतरलो आणि मोजतो तर पाचच! सहावा एसटीत झोपून राहिला आणि तसाच पुढं वाशीमला गेला. मेडशीचे लोक भले. म्हणाले, "पाच जनं काय खेळता? नाव मागं घ्या, जेवा अन् जा. कोनी हासत नाही."

सुदामभाऊ असा तापला की विचारू नका. शर्ट काढून मैदानात जाऊन उभा राहिला. "आमी हारतो! मैदान सोडून जात नाही!"

हे त्याचं ब्रह्मवाक्य. हरणं त्याला चालायचं, रोज चालायचं. पण शिट्टी व्हायच्या आधी मैदान सोडलेला माणूस त्याच्या मते माणसातून गेला. मेहुण्यानं एकदा पाय मुरगळला म्हणून अर्ध्यात खेळ सोडला होता, तर त्याच्याशी हा वर्षभर बोलला नाही.

तर पाच जणं खेळलो आणि चहा उकळायच्या आत हरलो. मेडशीची पद्धत अशी, की हरलेल्यांना गाडी गाठायची असते म्हणून त्यांची पंगत आधी. गरम पोळ्या आणि वांग्याची भाजी. मग झोपणाऱ्याला आणायला वाशीमला गेलो आणि आलोच आहोत तर बालाजीचं देऊळ पाहिलं. तो झोपणारा आजही ऐटीत सांगतो, "मी झोपलो म्हून तुमाले वाशीम दिसलं!"

* * *

देवळाचं ऐकून आबाजीला हुक्की आली. पुढच्या वेळी रिसोडकडं सामने निघाले, तर आबाजी तांब्या घेऊन स्टँडवर आमच्या आधी हजर! आम्ही वेळेवर हरलो आणि लोणारचं सरोवर पाहायला गेलो.

काठावर उभे राहिलो तर खाली केवढा तो खड्डा, आणि तळाशी हिरवं पाणी. आमच्यातला एक मॅट्रिक होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं. आभाळातून मोठा दगड आला, इथं पडला, त्याच्या दणक्यानं एवढा खड्डा झाला, जगात असे खड्डे लय कमी हायेत, वगैरे.

आबाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"ते ठीक हाये. पन गोटा कुठी हाये?"

परतीच्या एसटीत आबाजी कंडक्टरला सांगत होता, "खड्डा दाखवतेत नुसता. गोटा कोनं नेला, ते सांगत नाहीत!"

* * *

मग गावाला चटकच लागली. टीममध्ये खेळणारे सहा आणि 'एक्स्ट्रा' म्हणून येणारे जागा असेल तेवढे. पूर्वी लोक विचारायचे, "कधी जिंकता बे?" आता विचारायला लागले, "पुढच्या खेपीले कुठी हारून राह्यले?" एकानं तर मारोतीला नारळ बोलला होता, आम्ही लवकर हरावं म्हणून. कायमचा एक्स्ट्रा मात्र आबाजी.

अकोल्याला त्याच्यावर वेळ आली. आमचा एक गडी पडला, मनगट सुजलं. रेफ्री म्हणाला, "तुमचा एक्स्ट्रा घ्या." आम्ही सगळे आबाजीकडं पाहायला लागलो. रेफ्रीही पाहायला लागला.

"हे खेळाडू आहेत?"

"नाव लिवलं हाये ना!" आबाजी म्हणाला, धोतराचा काचा मारला, तांब्या लाईनच्या बाहेर ठेवला आणि आत आला. नेमकी सर्व्हिस त्याचीच! त्यानं गोफणीनं पाखरं हाणावी तसा बॉल खालून हाणला. बॉल गेला वर, वर, आणि समोरची टीम आ वासून बघत असताना त्यांच्या मधोमध पडला. पॉइंट! पुन्हा तसंच. पुन्हा पॉइंट! लोक टाळ्या पिटायला लागले. आम्ही चक्क पुढं गेलो.

बाहेर आमच्या गावची एक्स्ट्रा मंडळी बसली होती, त्यांचे चेहरे उतरले. त्यातला एक उठून ओरडला, "आबाजी, काय करता! किल्ला पाह्यचा राहीन ना!"

आबाजीनं जीभ चावली. पुढची सर्व्हिस त्यानं सरळ नेटमध्ये घातली. किल्ला पाहिला आम्ही. बराच पडला होता, पण पाहिला.

* * *

धनजची टीम आमच्या उलट. कपच कप! त्यांचा कॅप्टन गुलाबराव, मिशीला पीळ, आमच्याशी बोलायचा तेही मान वर करून. एकदा तो कामरगावच्या स्टँडवर भेटला. आम्ही नुकतेच परतवाड्याला हरून आलो होतो.

"यंदाबी पहिल्याच फेरीत?" त्यानं हसत विचारलं.

"हो," सुदामभाऊ म्हणाला. "मंग चिखलदऱ्याले जाऊन आलो."

"आमीबी गेलतो ना परतवाड्याले मागच्या साली. कप आनला."

"वा! मंग चिखलदरा?"

गुलाबरावची गाडी लागली, तो चढला, खिडकीत बसला. गाडी हलली तसं त्यानं डोकं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "सुदामभाऊ... खरंच तथी ढग हाताले लागते का हो?"

* * *

एवढं सगळं झालं, पण बाईमाणूस कधी आलं नाही. पहिली आली ती विजयची आई, गयाबाई.

नागपूरला सामने आहेत हे कळलं त्या दिवशी ती खळ्यावर आली. कापसाच्या वेचणीवरून येत होती, कमरेला कापूस भरायची ओटी तशीच. मोठ्या तोंडाची, मोठ्या आवाजाची बाई. पोराला नव्हे, कॅप्टनला म्हणाली, "सुदामभाऊ, मले नागपूरले न्या."

"मावशी, नागपूर लय मोठं हाये. काय काय पाहसान?"

"मले नागपूर नाही पाह्यचं. मले ते मैदान पाह्यचं हाये. दीक्षेचं."

छप्पनच्या दसऱ्याला सगळी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली होती. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. जेवढं मिळालं तेवढं पांढरं नेसून, रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी. गयाबाईनंही लुगडं धुऊन ठेवलं होतं. नेमकं त्याच दिवशी विजयनं जन्माला यायचं ठरवलं! सगळी गेली, ती बाळंतिणीच्या खाटेवर. पुढं दर दसऱ्याला जायचं म्हणायची आणि काही ना काही आडवं यायचं. नवरा म्हणायचा, पुढच्या साली नेतो. मग एका साली नवराच गेला.

"मंग वस्तीतल्या बायांसंग काहून नाही गेल्या?" मी विचारलं.

"याच्यापायी राह्यली होती ना मी!" तिनं विजयकडं बोट केलं. "तं यानंच न्यावं मले. हात धरून!"

विजय बॉलकडं बघत उभा होता. कान लाल झाले होते त्याचे.

अडचण एकच होती. संध्याकाळची गाडी सुटली तर नागपुरात मुक्कामाला ओळखीचं घर नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं होतं. म्हणजे मैदान पाहायचं तर दुपारच्या आत मोकळं व्हायला पाहिजे. गयाबाईनं तेही विचारलं. सुदामभाऊनं छातीवर हात ठेवला.

"मावशी, हारन्याची काळजी तुमी करू नका. ते आमाले येते!"

* * *

आता नागपूर.

गयाबाई पांढरं लुगडं नेसून आली होती. एसटीत आबाजी पुढच्या सीटवर, ती मागं. आबाजीनं वळून पाहिलं, "गये, तूबी एक्स्ट्रा काय वं?" आणि पुढं तोंड केलं. सगळा रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मैदानावर पोचलो आणि पहिलाच घोळ! आमच्यासमोरची टीम आलीच नाही. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली आणि जाहीर केलं, "कामरगाव विजयी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची तोंडं प्रेतयात्रेसारखी. असं जिंकायचं आमच्या स्वप्नातही नव्हतं. सुदामभाऊ रेफ्रीशी भांडायला गेला, "साहेब, थोडी वाट पाहू ना त्यांची! येतीन ते!" जिंकलेली टीम भांडताना रेफ्रीनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिली.

दुसरा सामना ऊन चढल्यावर. मी सुदामभाऊला बाजूला घेतलं. "खेळूच नाही. चाल, निंगू."

"बापू, मैदान सोडून जा म्हन्तं तू मले?" तो असा पाहायला लागला की मी विषय सोडला. "लवकर हारू. पन खेळून हारू."

ठरवून हरणं फार अवघड असतं बरं का! एरवी आम्ही मन लावून खेळायचो आणि छान हरायचो. त्या दिवशी हरायचं म्हणून बॉल बाहेर मारावा, तर तो लाईनवर पडायचा. तरी पहिला गेम दिला. दुसऱ्यात विजयनं सर्व्हिस नेटमध्ये घातली, मग अजून एक घातली. समोरची शहरी पोरं हसायला लागली. त्यांच्यातला एक ओरडला, "अरे, यांना बॉल कुठून मारायचा ते तरी सांगा! शेतातून उचलून आणलेत!" बघणारे सगळे हसले. आम्हीही हसलो. सवयीचं होतं.

गयाबाई उठून उभी राहिली. लाईनच्या अगदी काठावर आली. तिचा तो आवाज, वेचणीच्या बायांना शेताच्या धुऱ्यापलीकडून हाक मारायचा.

"इजू! अशानं हारून मले तथी नेऊ नोको! मुद्दाम हारशीन तं मी येत नाही!"

विजयनं बॉल हातात घेतला. आईकडं पाहिलं, मग सुदामभाऊकडं. सुदामभाऊ म्हणाला, "खेळ बे."

आणि काय खेळला तो पोट्टा! काय खेळला! अशा सर्व्हिस मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आम्ही बाकीचे नुसते वेडे होऊन धावत होतो. माझ्या कोपऱ्यातसुद्धा दोनदा बॉल आला आणि मी तो उचलला, हे आजही कुणाला खरं वाटत नाही. दुसरा गेम घेतला. तिसराही घेतला! आबाजी तांब्या बडवत होता. ती शहरी पोरं येऊन हात मिळवून गेली.

मग रेफ्रीनं पुकारलं, "कामरगाव, सेमीफायनलला तयार राहा!"

ऊन कलायला लागलं होतं. सेमीफायनल खेळलो असतो तर गाडीच उरली असती, मैदान नाही. विजय खाली मान घालून बसला होता. गयाबाई पदरानं त्याचं डोकं पुसत होती आणि म्हणत होती, "असू दे. जिंकला ना माहा पोट्टा! मैदान कुठी पळून चाललं? पुढच्या साली पाहू." नवराही असंच म्हणायचा, हे आम्हाला सगळ्यांना आठवलं.

सुदामभाऊ उठला. शर्ट घातला, बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत. रेफ्रीकडं गेला.

"साहेब, आमी चाललो."

"अरे, जिंकलात तुम्ही! सेमीफायनल आहे! मैदान सोडून कुठं चाललात?"

"दुसरं मैदान पाह्यचं हाये," सुदामभाऊ म्हणाला. त्यानं बॉल काखेत मारला आणि मागं न बघता चालायला लागला. रस्ताभर तो आमच्या दहा पावलं पुढंच राहिला.

विचारत विचारत पोचलो. तिथं तेव्हा आजच्यासारखं काही नव्हतं. मोकळं मैदान आणि एक झाड. वारा होता बऱ्यापैकी.

विजयनं आईचा हात धरला. दोघांनी चपला बाहेर काढल्या. गयाबाईनं आत पाऊल टाकलं, चार पावलं गेली आणि तिथंच खाली बसली. दोन्ही हात मातीवर ठेवले. रडली. मोठ्या आवाजाची बाई, पण रडताना आवाज केला नाही. सुदामभाऊ गेला, मी गेलो, बाकीचे गेले. जो तो जिथं जागा वाटली तिथं बसला.

आबाजी बाहेरच उभा होता. आम्ही घाबरलो. लोणारसारखा हा आता विचारणार, मोकळं मैदान दाखवता, बाकी कुठी हाये? बराच वेळ तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली, चपला काढल्या आणि तांब्या त्या चपलांजवळ ठेवला.

पण आत येईना. तिथूनच हाक मारली.

"गयाबाई... मी येऊ काय वं आत?"

गयाबाईनं डोळे पुसले. त्याच्याकडं पाहिलं, चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि थोडी सरकली.

"या जी आबाजी," ती म्हणाली. "एक्स्ट्रा चालते अथी."